अंगावरचं दूध पुरतंय की नाही, हे कळतं कसं?

अबोली२३ (पहाटे ३.१०)

एका हाताने लिहितेय, दुसऱ्यावर बाळ आहे. चुका पोटात घाला.

अकरा दिवसांपूर्वी मुलगी झाली. सिझर. सध्या माहेरी, सांगलीला आहे. गरोदरपणात मी झबल्यांपासून डोहाळजेवणाच्या फुलांच्या दागिन्यांपर्यंत सगळ्याचा अभ्यास केला होता. पाजण्याचा तेवढा राहिला. त्यात काय शिकायचं, जवळ घेतलं की पिईल, असं मला खरंच वाटत होतं.

आता काय चाललंय ते सांगते. ती पाच मिनिटं ओढते आणि झोपते. खाली ठेवली की रडते. परत घ्या. रात्री एक ते चार हाच कार्यक्रम. उजव्या बाजूला भेग पडली आहे. त्या बाजूला घ्यायची वेळ आली की मी आधी पलंगाची कड घट्ट धरते, मग बाळाला. जन्मतः वजन २ किलो ९०० होतं, घरी सोडताना २ किलो ६८०, काल २ किलो ७४०.

काल आत्या बघायला आली. तिने बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "हिला दूधच नाही गं. पोर उपाशी आहे." आई काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र पावडरीचा डबा आणून फडताळात वरच्या कप्प्यात ठेवला. मी तो पाहिलाय हे तिला माहीत आहे. दोघी त्यावर एक अक्षर बोलत नाही.

प्रश्न एवढाच आहे. बाटलीवर आकडे असतात. इथे काहीच दिसत नाही. पोट भरलं हे ओळखायचं कसं?

रानजाई (पहाटे ३.२२)

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर लिहायचंय, पण माझंही उठलं.

टिवल्याबावल्या (पहाटे ३.४०)

या वेळेला इतकी हजेरी? धागा आहे की रात्रपाळी?

रानजाई

रात्रपाळीवाल्यांना दिवसा झोपायला मिळतं.

वसुधाताई (सकाळी ६.४५)

अबोली, मी ३१ वर्षं प्रसूती वॉर्डात सिस्टर होते. आता निवृत्त आहे आणि नातवंडांना ओरडते. तुझं सगळं नीट वाचलं.

आत किती गेलं ते दिसत नाही, म्हणून बाहेर काय येतं ते मोजायचं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. डायपरमध्ये अंदाज येत नाही, दोन दिवस सुती लंगोट लाव. शी सुरुवातीला डांबरासारखी काळी असते, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, दाणेदार झाली की दूध पोचतंय. तुझी पिवळी झालीये का?

आता वजन. पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. तुझं २२० ग्रॅम उतरलं, म्हणजे साडेसात टक्के. त्यात विशेष काही नाही. पण दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं, आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅम वाढ. तू अकराव्या दिवशी १६० ग्रॅम मागे आहेस. आत्याचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, पण वजनाकडे काणाडोळाही करू नकोस. आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांच्यासमोर पाजून दाखव. डोळे पिवळे दिसत असतील, लघवी कमी आणि गडद असेल किंवा पाजायला उठवूनही उठत नसेल, तर आंघोळ-बिंघोळ राहू दे, लगेच नीघ.

आणि ती भेग. दूध कमी म्हणून भेगा पडत नाहीत, पकड चुकते म्हणून पडतात. बाळ नुसतं बोंड धरून चावत असणार. पिताना गालाला खळी पडते का? टच टच आवाज येतो का? मग तेच.

असं कर. टेकून बस, पाठीला उशी. सिझरचे टाके दुखत असतील तर बाळाचे पाय तुझ्या काखेखालून मागे जाऊ देत, किंवा कुशीवर झोपून पाज. बाळाचं पोट तुझ्या अंगाला, मान वळलेली नको. डोकं मागून दाबायचं नाही, मानेला कानाच्या खाली दोन बाजूंनी आधार द्यायचा. वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श कर आणि थांब. जांभई द्यावी तसं मोठं तोंड उघडेल, त्या क्षणी बाळाला जवळ ओढ. तू वाकू नकोस. हनुवटी रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्यापेक्षा खालून जास्त आत गेलेला. पहिले काही क्षण टोचेल. नंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा लाव. दहा वेळा सोडवावं लागलं तरी सोडव.

म्युनिकर

वसुधाताईंना साष्टांग. सोडवण्याचं मला तेराव्या दिवशी कळलं. तोवर मी ओढून काढत होते. (कल्पना करू नका.)

गणिती

माझ्या बायकोचं बाळंतपण दोन महिन्यांपूर्वी झालं. मी वहीच केली आहे: वेळ, डावी-उजवी, मिनिटं, शी, शू. पण मिलिलिटरचा रकाना रिकामाच राहतो. पंप लावून किती निघतं ते बघितलं तर आकडा कळेल ना?

वसुधाताई

नाही रे बाबा. पंपाला जेवढं निघतं त्यापेक्षा नीट पकडलेलं बाळ सहसा जास्त काढतं. पंपातलं ४० मिलि बघून रडत बसलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्यात, आणि त्यांची बाळं टुकटुकीत होती. शू-शीचे रकाने ठेव, बाकीची वही मिटव. पहिल्या दिवशी एका वेळचं दूध चमचाभरच असतं. बाळाचं पोटही तेवढंच असतं.

पंपवाली

गणितींच्या बायकोला माझ्यातर्फे एक कडक चहा. "आत्ता डावी झाली, नोंद कर" असं पहाटे चारला म्हणणाऱ्या माणसाबरोबर ती राहतेय.

गणिती

चहा मीच करतो. त्याचाही रकाना आहे.

नलूआजी (दुपारी १.१५)

मी ७६ वर्षांची. नात लिहून देते आहे, मी सांगते आहे.

वाईला आमचा वाडा होता. एका वेळी घरात दोन तरी तान्ही असायची. माजघरात सुना पदर घेऊन पाजत बसलेल्या, आम्ही परकऱ्या पोरी समोर सागरगोटे खेळत. कसं धरतात, कुठल्या कुशीवर घेतात, छाती दगडासारखी झाली की काय करतात, सगळं डोळ्यांखालून गेलेलं. मला कुणी शिकवलं का? नाही. पण मी दहा वर्षं बघत होते. या मुली पहिलं तान्हं हातात घेतात ते स्वतःचं, आणि आम्ही म्हणतो काय गं तुला एवढंही येत नाही.

आमचं सगळं बरोबर होतं असंही नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी सासूबाईंनी पहिला चीक पिळून टाकायला लावला. जड असतो म्हणे. तीन दिवस बोंडल्याने साखरपाणी. तो इतका रडायचा की शेवटी मोठ्या जाऊबाईंनी त्याला आपल्या अंगावर घेतला. त्यांचा तेव्हा आठ महिन्यांचा होता. पुढे जन्मभर हा त्यांनाच जास्त धरून राहिला, आणि मला त्याचं वाईट वाटायचं. धाकट्याच्या वेळी सासूबाई झोपल्यावर मी गुपचूप चीक पाजला. काही जड झालं नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालाय.

सदाफुली

नलूआजी, जाऊबाईंच्या गोष्टीवरून सांगते. माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला, १ किलो ४०० ग्रॅम. मला पहिले चार दिवस अक्षरशः थेंब. त्याला दुसऱ्या आयांचं दूध मिळालं, मिल्क बँकेतून. कुणाचं ते मला कधी कळणार नाही. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दूध देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, आणि ते दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवून मगच वापरतात. म्हणून शेजारणीचं दूध थेट पाजण्यापेक्षा हे सुरक्षित.

पुढे मला इतकं येऊ लागलं की मीही दिलं. पहिल्यांदा बाटलीवर माझ्या दुधाची चिठ्ठी लागली तेव्हा दहावीच्या निकालाला झाला नव्हता तेवढा आनंद झाला.

तगर (संध्याकाळी ५.३०)

कुणी "आईचं दूध म्हणजे अमृत" लिहायच्या आत लिहून टाकते.

माझी मुलगी वरच्या दुधावर वाढली. नऊ वर्षांची आहे, कबड्डी खेळते. बाळंतपणात मला खूप रक्तस्राव झाला, दोन बाटल्या रक्त चढवलं. चाळीस दिवस दर तीन तासांनी पंप लावला. पकड तपासली, अळीव खाल्ले, शतावरी प्यायले, रात्रीची उठले. दोन्ही बाजूंचं मिळून १५ मिलि. एकदा ते १५ मिलि ओट्यावर सांडलं, तर मी जमिनीवर बसून रडले. नवऱ्याने मुलीला बाटली दिली, ती पोट भरून प्यायली आणि पहिल्यांदा सलग तीन तास झोपली. त्या तीन तासांत मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर मी तिला बघतच नव्हते, घड्याळ बघत होते.

वसुधाताईंचं बरोबर आहे, आधी पकड बघावी. पण प्रत्येक गोष्टीवर पकड हा उपाय नसतो. आणि अबोली, फडताळात डबा ठेवणारी आई तुझी शत्रू नाही. तिच्याशी बोल.

वसुधाताई

तगर, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. खूप रक्त गेलं, थायरॉइड बिघडलेलं असलं की काहींना खरंच कमी येतं. तिथे बाळाचं पोट भरणं पहिलं. माझी तक्रार इतकीच आहे की ज्यांना येऊ शकतं त्यांनाही तिसऱ्या दिवशी बाटली दाखवतात. बाळ बाटलीवर भरतं, छातीवर कमी ओढतं, म्हणून दूध कमी बनतं, आणि मग "बघा, म्हटलं नव्हतं!" मागणी तसा पुरवठा आहे हा. ओढलं नाही तर येणार कुठून?

हरकतदार

आम्हाला घरी सोडताना पिशवीत पावडरीचं छोटं पाकीट "भेट" म्हणून दिलं होतं. रुग्णालयाचं नाव घेत नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे बेकायदा आहे. १९९२चा कायदा आहे, २००३ साली आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पावडरीची, बाटलीची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्रही चालत नाही. जाऊन बघा, नसतं.

टिवल्याबावल्या

आमच्या लहानपणी डब्यावर बाळ असायचं. मी त्या बाळासारखा दिसत नाही म्हणून आजी कंपनीला पत्र लिहिणार होती.

शतपुष्पा

एवढा वेळ झाला, खाण्याबद्दल कुणी बोललंच नाही! अबोली, शतावरी कल्प दोन चमचे दुधातून, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, जेवणानंतर बाळंतशोपा. आठ दिवसांत पान्हा फुटेल. वांगं, हरभरा बंद. गार पाणी बंद.

पंपवाली

मला फक्त मऊ भात, तूप आणि मेथी दिली होती सव्वा महिना. पान्हा फुटला की नाही माहीत नाही, मी मात्र फुटायची बाकी होते.

वसुधाताई

शतपुष्पा, अळीव, डिंक, बाजरी जरूर खावी, बाळंतिणीला लोह आणि ताकद लागते. पण लाडूने दूध वाढतं हे मी तरी छातीठोक सांगणार नाही. लाडू खाऊन बाळाला लावलंच नाही तर नुसतं वजन वाढतं, तेही आईचं. पाणी तहान लागेल तेवढं प्यावं. वांग्याने बाळाचं पोट दुखतं हे मी कधी पाहिलं नाही.

शतपुष्पा

आमच्या घरात चार पिढ्या याच खाण्यावर वाढल्यात.

वसुधाताई

चारही पिढ्या आईला ओढत होत्या की, बाई!

म्युनिकर (रात्री ११.०५)

शतपुष्पाताई, तुमच्या बाजूने एक पुरावा. इथे जर्मनीत बाळंतिणीसाठी खास चहा मिळतो. पाकिटावर काय लिहिलंय? बडीशेप आणि शहाजिऱ्याची भावंडं. मी आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे बाळंतशोपाच की, नुसती बुडवून पितात वेडे."

इथली एक गोष्ट मात्र आपल्याकडे हवी. बाळंतपणानंतर सुईण घरी येते. सुरुवातीचे दिवस जवळजवळ रोज, पुढेही काही आठवडे, आणि खर्च आरोग्य विम्यातून. आमची साठीची होती. पहिल्या दिवशी बूट काढून थेट माझ्या पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, पाज, मी बघते. वीस मिनिटं काही बोलली नाही. मग माझे खांदे दोन्ही हातांनी खाली दाबले. मी ते कानापर्यंत वर ओढून बसले होते, मला पत्ताच नव्हता. बाळाची कूस तिने जेमतेम दोन बोटं वळवली आणि दुखणं थांबलं. कुठल्याही व्हिडिओत ते दिसलं नसतं.

छाती दगडासारखी झाली तेव्हा तिने काय लावायला सांगितलं असेल? गार क्वार्क. क्वार्क म्हणजे आपला चक्का. फडक्यात पसरून, बोंड सोडून, वीस मिनिटं.

टिवल्याबावल्या

त्यात साखर, वेलची कधी घालायची?

म्युनिकर

माझ्या नवऱ्यानेही हेच विचारलं. तो अजून हयात आहे हे माझे उपकार.

कोबीचं पान

आमच्याकडे फ्रिजमधली कोबीची पानं ठेवायला सांगितलं होतं. सासरे भाजीला कोबी शोधत होते तेव्हा घरात जी शांतता पसरली ती अजून आठवते.

वसुधाताई

चक्का असो की कोबी, आराम मिळतो तो गारव्याने. पूर्वी आम्हीही खूप शेकायला, जोरात चोळायला सांगायचो. आता सूज असेल तर गार ठेवा, जोरात चोळू नका असं सांगतात. ताप आला, छातीचा एक भाग लाल, गरम झाला तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नका. त्या दुधाने बाळाला काही होत नाही.

संपादक मंडळ

एका नव्या सभासदाचा प्रतिसाद उडवला आहे. विषय बाळाच्या पोटाचा आहे, याची नोंद घ्यावी.

कोकणकडा

बाबा लोकांसाठी लिहितो. पाजता येत नाही, म्हणून दोन महिने मी "काही मदत लागली तर सांग" म्हणत दारात उभा होतो. मग बहिणीने झापलं. तेव्हापासून माझी कामं: बाळ उठलं की लंगोट बदलून तिच्याजवळ द्यायचं, पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, आणि व्हिटॅमिन डीचे थेंब रोज सकाळी मी द्यायचे. (४०० युनिट, डॉक्टरांनी लिहून दिलेले. आईच्या दुधात ते पुरेसं नसतं हे मलाही नवीन होतं.) सगळ्यात मोठं काम पाहुण्यांना थोपवणं. "झोपलीय" हा शब्द मी त्या काळात इतका वापरला की परवा बॉसचा फोन आला तेव्हाही तोंडातून तोच गेला.

हरकतदार

गुटी आणि मध? आमच्याकडे रोज भांडण आहे.

वसुधाताई

वर्षाच्या आत मध अजिबात नाही. त्यातून क्वचित होणारा विषार बाळाच्या नसा लुळ्या करतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, विदर्भातल्या मे महिन्यातही पाणी नको. दुधातच सत्त्याऐंशी टक्के पाणी असतं. गुटीबद्दल सासूबाईंना सांगा की सहाणेवर काय काय उगाळलं जातंय ते एकदा डॉक्टरांना दाखवू. बऱ्याचदा तिथेच विषय मिटतो.

पंपवाली

नोकरीवाल्यांसाठी थोडं. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. परत रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळते, पण हे बहुतेकींना ठाऊकच नसतं. मला पाजायला घर दूर, म्हणून मी ती वेळ पंपाला वापरली. जागा मात्र सर्व्हर रूम. माझं दूध आणि कंपनीचा डेटा एकाच एसीत. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला चार दिवस. दारात ठेवू नका. आणि डब्यावर नाव घाला. आमच्या ऑफिसात एकाने चहात... जाऊ दे.

टिवल्याबावल्या

जाऊ दे काय? सांगा!

पंपवाली

त्याने "आज दूध पातळ आहे" एवढंच म्हटलं. सेवानिवृत्तीपर्यंत त्याला कळणार नाही.

सदाफुली

प्रवासात हिरकणी कक्ष शोधा, नावापासून आवडतो मला. मात्र एका ठिकाणी कुलूप होतं, किल्लीवाला जेवायला गेलेला. शेवटी दाराला पाठ लावून, ओढणी घेऊन तिथेच पाजलं. दार उघडून साहेब आले तेव्हा बाळ ढेकर देऊन झोपलं होतं.

नलूआजी

हिरकणीची गोष्ट आम्ही शाळेत ऐकली. रायगडावर दूध विकायला गेलेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं म्हणून कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. सगळे तिच्या धाडसाचं बोलतात. मला पोरं झाल्यावर वाटलं, तिला त्या रात्री छातीची कळ सहन झाली नसणार. भरून आलं की कडाही दिसत नाही.

रानजाई

नलूआजी __/\__

रुमाल अजून आहे. लिहिणार आहे.

अबोली२३ (दहा दिवसांनी)

सगळ्यांना एकदम लिहितेय. त्या दिवशी दुपारीच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजन केलं, कावीळ तपासली (थोडी होती, उपचारापुरती नव्हती) आणि मग तिथल्या सिस्टरने मला पाजायला बसवलं. वसुधाताई, खळी पडत होती. टच टच आवाज येत होता. मी तो आवाज इतके दिवस "छान पितेय" म्हणून ऐकत होते!

डॉक्टर म्हणाले, पकड सुधारू, दोन-अडीच तासांनी उठवून पाजा, पाजल्यावर हाताने काढून ते वाटी-चमच्याने द्या, आणि वजन सावरेपर्यंत तीन दिवस दिवसातून तीन वेळा थोडं वरचं, तेही बाटलीने नाही, वाटीनेच. म्हणजे डबा लागणार होता.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, तो डबा काढ. तिने स्टूल घेतलं, डबा काढला, आणि स्टुलावरच बसली. म्हणाली, "तुला मी पंधरा दिवसच पाजलं. तुझी आजी म्हणाली दूध नाही, मी म्हटलं नसेल. मला येतं का ते कुणी बघितलंच नाही. छाती मात्र महिनाभर दुखत होती." एकतीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी डब्यावर वाढले आहे. तगर, तू बोलायला सांगितलंस म्हणून मी विचारलं, नाहीतर तो डबा तिथेच राहिला असता.

त्या रात्रीपासून आई शेजारी बसते. चष्मा लावून, टॉर्च घेऊन खालचा ओठ बाहेर आहे का बघते. "चुकलं, सोडव" म्हणते. स्वतः पाजल्यासारखी घाम पुसते.

चौदाव्या दिवशी २ किलो ८३०. वरचं बंद केलं. आज एकविसावा, ३ किलो ८०. काल लंगोट नऊ. भेग भरत आली आहे. रात्री एक ते चारचा कार्यक्रम आहे तसाच आहे, त्यावर उपाय असेल तर सांगा.

आत्या परवा पुन्हा आली होती. बाळाला उचलून म्हणाली, "बघ, माझ्या सांगण्यावरून पावडर दिलीस ना, कशी बाळसं धरायला लागली." आईने तिच्यासमोर चहा ठेवला आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली, "वन्सं, त्या डब्यात आता अळीव आहेत."

गणिती

चौदा ते एकवीस: सात दिवसांत २५० ग्रॅम. रोज ३५.७. अभिनंदन!

वसुधाताई

शाब्बास, दोघींना. एक ते चारवर उपाय नाही गं. रात्रीच्या ओढण्याने दूध चांगलं बनतं, तिला ते माहीत आहे. दिवसा ती झोपली की तूही आडवी हो, आणि हे धागे वाचू नकोस.

तगर

आईला माझा नमस्कार सांग.

टिवल्याबावल्या

सगळं गोड झालं, पण रानजाईचा सविस्तर प्रतिसाद कुठाय? दहा दिवस रुमाल पडलाय.

रानजाई (पहाटे ३.५०)

लिहायलाच बसले होते. उठलं.